बिनफोडणीची खिचडी आणि तात्यांचं पहिलं मयत

आमच्या तात्यांचं पहिलं मयत मी घडवून आणलं. त्या वेळी ते ओट्यावर बसून तंबाखू मळत होते.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कोरीटला एकाच गल्लीत आमचं घर वरच्या टोकाला, त्यांचं खालच्या टोकाला, आणि मधे अबोला. वाटणीत विहीर दोघांत राहिली होती. मोट आधी कोणी हाकायची यावरून एका सकाळी दोघांच्या बैलजोड्या विहिरीवर समोरासमोर आल्या. बैल एकमेकांना चाटायला लागले आणि माणसं एकमेकांना शिव्या द्यायला. त्या दिवशी तात्यांनी शपथ घेतली, "भिकाना घरना घास मन्हा तोंडमा जावाव नही!" (भिका म्हणजे आमचे आबा, माझे वडील.) शपथ घेताना तात्यांच्या तोंडात दात होते आणि घरात काकू होती. पुढे दोन्ही गेली. शपथ तेवढी राहिली.

आता तात्या स्वतःच भाकरी थापत. ती एका अंगाने कोळसा आणि दुसऱ्या अंगाने पीठ अशी निघे. मग ती पाण्यात भिजत घालायची, मऊ झाली तर गिळायची, नाही झाली तर तंबाखूची चिमूट लावून पडून राहायचं. सदरा त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसे. आबा शेतातून येताना तात्यांच्या ओट्याकडे बघत नसत, पण घरी आल्यावर बैलाला सांगत, "आज बी त्याना घरमा धूर दिसना नही." माय ते ऐके आणि तव्यावरची भाकरी उगाच उलटसुलट करत राही. तात्या हा हिवाळा काढत नाहीत, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. बोलणारा एकच होता, तो मी.

मी नंदुरबारला एका छोट्या सेवामंडळाचा कार्यकर्ता. (मंडळात आम्ही तिघे होतो. एकाचं लग्न झालं, दुसरा अध्यक्ष झाला. काम मला उरलं.) पत्रकं लिहायची, छापायची, वाटायची आणि लोकांनी ती वाचली नाहीत की संतापायचं, असा माझा दिनक्रम. 'म्हाताऱ्यांना उपाशी मारणाऱ्या समाजा, लाज धर!' हे माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक, म्हणजे मला सगळ्यात जास्त आवडलेलं. लाल शाईत छापलं होतं. समाजाने लाज धरली नाही. समाज मिरच्या वाळवत होता. मिरचीबाजारात तर एका व्यापाऱ्याने माझ्याच पत्रकाची पुडी करून तीत नमुन्याच्या मिरच्या घातल्या आणि माझ्याच हातात दिल्या! लिहून थकलो, बोलून थकलो. शेवटी ठरवलं, आता कृती!

कृतीचं नाव वृद्ध-अन्नसेवा. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याच्या दारात रोज गरम, मऊ, पौष्टिक जेवण. एका शिबिरात एका वैद्यांनी आहार सांगितला होता आणि मी टाळ्या वाजवून लिहून घेतला होता: मऊ खिचडी, वर तूप, फोडणी नाही, मिरची नाही, हळदसुद्धा नाही. त्या शिबिरातून मी कोरीटला दोनच गोष्टी घेऊन आलो, हा आहार आणि उवा. उवांचा बंदोबस्त मायने आल्याआल्याच केला. न्हाव्याला बोलावलं आणि माझं डोकं तुळतुळीत करवून टाकलं.

दुसऱ्या सकाळी आबा शेतात गेले आणि मी चुलीपुढे जाऊन बसलो.

"हे मंडळाचं अन्न आहे, आपल्या घरचं नाही," मी मायला बजावलं. "म्हणजे तात्यांची शपथ मोडत नाही."

"चूल आपली, तांदूय आपला, तूप आपलं," माय म्हणाली. "मंग मंडळनं काय शे त्यामा?"

"तत्त्व!"

मायने माझ्या बोडक्या डोक्याकडे पाहिलं आणि तूप काढायला उठली. (तिने घातलेलं तूप आहारात सांगितल्यापेक्षा दुप्पट होतं. तेवढं मी न बघितल्यासारखं केलं.)

आता भांडं. आमची पितळी भांडी तात्यांच्या ओळखीची. त्यातली निम्मी वाटणीत त्यांना हवी होती. म्हणून कुंभाराकडून एक कोरं मडकं आणलं. कुंभाराने माझ्या डोक्याकडे पाहिलं, एक शब्द न बोलता मडकं पुढे केलं आणि घासाघीस केली नाही. मला वाटलं, चला, एका तरी माणसाने पत्रक वाचलं.

तात्या सोवळ्याचे. आंघोळीवाचून आणलेलं अन्न ते शिवणार नाहीत, म्हणून मी गावातल्या विहिरीवर जाऊन डोक्यावर पाणी ओतून घेतलं. लढाईचे दिवस, कापड मिळेना, माझं दुसरं धोतर गुडघ्यात फाटलेलं. तेव्हा ओलंच नेसून निघालो. खिचडी पोचेपर्यंत गार होऊ नये म्हणून मडक्याच्या झाकणीवर चार निखारे ठेवले. मडकं हाताला चटके देत होतं, म्हणून त्याला सुंभाचं शिंकं केलं आणि ते उजव्या हातात धरलं. अन्न नेताना पायात वहाणा नकोत, म्हणून अनवाणी.

"आरे सुक्या, आयक तं," माय मागून धावत आली. "आसं लई जाऊ नको, बापा. लोके काय..."

"लोक!" मी गर्जलो. "लोकांचं किती दिवस ऐकायचं? लोकांनी काय केलं आजवर तात्यांसाठी?" मग मी पत्रकाचा तिसरा परिच्छेद तिला तोंडपाठ म्हणून दाखवला. तो संपेपर्यंत ती कपाळाला हात लावून उंबऱ्यावर बसली होती. मला वाटलं, पटलं.

आता वाचणाऱ्याने जरा डोळ्यांपुढे आणावं. भादरलेलं डोकं. ओलं धोतर. अनवाणी पाय. हातात शिंक्याला टांगलेलं कोरं मडकं, त्यावरून निघणारा धूर. चेहरा गंभीर. (समाजसेवा करताना माझा चेहरा नेहमीच गंभीर असतो.) आणि पावलं तात्यांच्या घराकडे, ज्यांना मुलगा नाही आणि ज्यांना अग्नी द्यायचा तर पुतण्यानेच द्यायचा! आमच्या भागात, आणि कुठल्याही भागात, असा माणूस रस्त्याने निघाला की त्याला कोणी 'कुठे चाललास' विचारत नाही. ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. पण डोक्यात एकदा पत्रक शिरलं की दुसऱ्या गोष्टीला जागा उरत नाही. आणि त्या दिवशी तर माझ्या डोक्याच्या आत पत्रक होतं आणि बाहेर काहीच नव्हतं.

पहिल्यांदा गंगाकाकू दिसली. आमच्या शेजारची, एकटीच राहणारी म्हातारी, अंगणात मिरच्या पसरत होती. तिने मला पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"माय वं माय! कव्हय?"

"आजपासूनच, काकू."

"काल तं मन्हाकडथीन मीठ मांगी लई गयात!" तिने पदर तोंडाला लावला. मला भरून आलं. एका म्हाताऱ्याला मीठ मागून न्यावं लागतं याचं कोणाला तरी दुःख होतं तर! मी मान हलवली आणि पुढे चालू लागलो. काकू मागे निघाली. मग कुंभार निघाला. मग पारावर बसलेली माणसं एकेक करून उठली, टोप्या काढल्या आणि खाली मान घालून मागे चालू लागली. बायका वेगळ्या घोळक्याने. कोणी बोलत नव्हतं. मी एकदा मागे वळून पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मोर्चा! जन्मात पहिल्यांदा माझ्यामागे मोर्चा निघाला होता, आणि तोही घोषणा न देता, इतक्या शिस्तीत!

पोलीस पाटील जवळ आले. हळूच विचारलं, "सुकदेव, लाकडे सांगी ठेवात का रे?"

"लाकडं आज पुरेशी आहेत, पाटील. उद्यापासून मात्र रोज लागतील."

"रोज?"

"रोज! आज तात्यांचं झालं. उद्या गंगाकाकूंचं. परवापासून गावातल्या एकेका म्हाताऱ्याचं. कोणालाही सोडणार नाही!"

पाटील जागच्या जागी थांबले. गंगाकाकूचं रडणंही थांबलं.

"मन्हं? उद्या?" ती म्हणाली.

"घाबरू नका काकू, एकदा सुरुवात झाली की सवय होते," मी म्हणालो आणि चालतच राहिलो. मागे कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, "दुःखमा डोकं फिरनं बिचारानं." कोणी म्हणालं, "भिकाले सांगाले कोनी गयं का?" आणि एक जण शेताकडे पळत सुटला.

अशा थाटात आम्ही तात्यांच्या दारात पोचलो. तात्या ओट्यावर बसून तंबाखू मळत होते.

मोर्चा थांबला. इतका थांबला की झाकणीवरचा निखारा तडतडलेला मला ऐकू आला. मागे कोणीतरी हळूच "राम राम राम" म्हणालं. कुंभार दोन पावलं मागे सरला. गंगाकाकूने पदर तोंडावरून काढला आणि फटकन म्हणाली, "हाऊ तं बठेल शे!"

मी घसा खाकरला. भाषण तयार होतं. "तात्या, आजवर या गावाने तुमची उपेक्षा केली..."

पण तात्या माझं ऐकत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. आधी माझ्या डोक्याकडे, मग ओल्या धोतराकडे, मग मडक्याकडे, मग मागच्या उघड्या डोक्याच्या माणसांकडे. त्यांच्या तळहातावरचा तंबाखू सांडला. आणि त्या क्षणी, समाजसेवेच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मला समोरच्या माणसाच्या डोळ्यांनी स्वतःकडे बघता आलं. मुलाचं डोकं भादरलेलं. मुलाच्या हातात मडकं. मग गेला कोण? मुलाचा बाप!

"भिका?" तात्या म्हणाले. "मन्हा भिका गया?"

"नाही हो तात्या! ही खिचडी..."

कोण ऐकतो! तो माणूस, ज्याला ओट्यावरून उठायला खांब धरावा लागे, तो ओट्यावरून एकदम रस्त्यात उतरला. काठी नाही, टोपी नाही. "भिका! आरे भिका! मी जित्ता ऱ्हासू आनी तू जाशी? मोटना पहिला हक्क तुलेच दिन्हा आस्ता रे! भिकाऽ!" असं ओरडत तात्या आमच्या घराच्या दिशेने धावत सुटले. मी मडकं घेऊन त्यांच्यामागे. मोर्चा माझ्यामागे. आता तो मोर्चा राहिला नव्हता. बाजारातून सुटलेली गुरं जशी गल्लीत शिरतात तसं चाललं होतं. "तात्या, खिचडी! खिचडी आहे तात्या!" मी ओरडत होतो. आयुष्यात इतकी खरी घोषणा मी दिली नव्हती, आणि इतकी निरुपयोगीही नाही.

आणि गल्लीचा मध्य ओलांडल्यावर, पाराच्या वळणावर, समोरून आबा आले. शेतातून तसेच पळत आलेले, पाय चिखलाने माखलेले, हातात बैलाचा कासरा तसाच. तेही ओरडत होते. "दादाऽ! मन्हा दादा! माले न सांगता गया रे!"

दोघे एकमेकांपुढे येऊन उभे राहिले.

दोघांची छाती भात्यासारखी चालली होती. मग तात्यांनी हात पुढे केला आणि आबांचा दंड चाचपून पाहिला, बैल विकत घेताना चाचपतात तसा.

"तू जित्ता शे?" तात्यांनी विचारलं.

"मी कसाले मरू? तू मरी गया आसं सांगं माले."

"कोनी सांगं?"

"हाई आख्खं गाव सांगी ऱ्हायनं!"

"आनी तू मोट सोडी उना?"

"मंग काय मोट हाकत बसू? दादा मरना आनी मी मोट हाकू?"

तात्यांनी डोळे पुसले. आबांनी नाक शिंकरलं. मला वाटलं, आता गळाभेट. पण ही आमच्या घरातली माणसं.

"मी मोठा शे," तात्या एकदम भडकले. "पहिले मी जासू. तठे बी तुले घाई? विहीरवर घाई, तठे बी घाई!"

"मी कोठे घाई कयी? मडकं घेईसन तर हाऊ निंघना!"

आणि दोघे भाऊ इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमताने एकाच दिशेला वळले. माझ्या दिशेला.

त्या दोघांनी मला काय काय म्हटलं ते इथे छापता येणार नाही. (आणि माझी पत्रकं बऱ्याच गोष्टी छापतात.) पाटलांनी सगळ्यांदेखत माझ्या मडक्यावरचे निखारे बाजूला सारले, आत डोकावून पाहिलं आणि जाहीर केलं, "खिचडी शे." लोक इतके चिडले की काही विचारू नका. टोप्या काढल्या होत्या ना! फुकट टोपी काढायला लावलेली आमच्याकडे कोणी माफ करत नाही. गंगाकाकू तर म्हणाली, "उद्या मन्हा दारमा पाय ठेव, टांगडंच मोडी टाकसू."

पळून आल्याने तात्यांचे पाय लटपटत होते. घर कोणाचं जवळ? आमचं. आबा त्यांना धरून आणत होते आणि दोघेही एकमेकांना "तूच माले धरी ऱ्हायना का मी तुले" असं विचारत होते. उंबऱ्याशी तात्या थांबले. सगळी गल्ली थांबली. शपथ आठवली असणार. मायने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि आतूनच म्हणाली, "भावजी, तुम्हना भाऊ वाचना. तोंड गोड नही करतस का?"

तात्यांनी आत पाऊल टाकलं.

मायने ताट वाढलं. मी हातातलं मडकं पुढे सरकवलं, म्हटलं, निदान आता तरी. तात्यांनी झाकणी उचलली, वास घेतला.

"हाई काय शे?"

"पौष्टिक आहार, तात्या. दात नसलेल्यांसाठी."

"दात गयात," तात्या म्हणाले. "जीभ नही गयी."

त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कुसकरली, वर लाल रस्सा घेतला, असा की नुसत्या वासाने माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि जेवायला लागले. आबा शेजारी बसले. दोघांच्या नाकांतून पाणी वाहत होतं. ते रश्श्याचं की कशाचं ते मी विचारलं नाही. त्या दिवशी मी एकूणच काही विचारण्याच्या पात्रतेचा राहिलो नव्हतो. तात्यांनी दुसरी भाकरी मागितली तेव्हा माय तव्यापाशी पाठ करून किती वेळ बसली होती.

तात्या जेवले. हिवाळा निघाला. इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण मयत एकदा निघालं की ते सावकाश चालतं.

आमच्या गल्लीतून मिरचीची एक गाडी त्याच सकाळी नंदुरबारला गेली होती. गाडीवानाने तात्यांची अंत्ययात्रा निघालेली बघितली, पण परत फिरलेली बघितली नाही. नंदुरबारहून बातमी आगगाडीत बसली आणि नवापूरला उतरली. तिसऱ्या प्रहरानंतर कधीतरी तात्यांची लेक बनाक्का नवापूरहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडापासून हंबरडा फोडत आली. "बापा! शेवटलं तोंड बी देखाले भेटनं नही रे!" तात्या आमच्या ओट्यावरून म्हणाले, "मंग देख ना. आठेच शे." बनाक्का आधी मटकन खाली बसली आणि मग उठून जे पायताण हातात आलं ते घेऊन मला शोधायला निघाली.

त्यानंतर माणसं येतच राहिली. आणि मयताला लांबून कोण येतं? तरुण माणूस कामावर असतो. येतात ती म्हातारी माणसं. चिंचपाड्याकडून आलेली बनाक्काच्या सासरची दोन म्हातारी. तात्यांसोबत एकेकाळी बाजाराला जाणारा एक जण. काठी टेकत आलेल्या मावश्या. तात्या सगळ्यांचं स्वागत स्वतः करत. "या, बठा. मी वारनू हाई खरं नही. जेवाले थांबा." माय रांधायची, मी वाढायचो, पाणी भरायचो, उष्टी काढायचो. दारात बसलेली ती बिनदातांची पंगत बघून एक दिवस माझ्या हातातली पळी थांबली. माझ्या पत्रकात ज्यांचं वर्णन होतं ती सगळीच्या सगळी माणसं आमच्या अंगणात बसून लाल रस्सा ओरपत होती. मंडळाचं नाव मात्र कोणी घेत नव्हतं. घ्यायचं तर शिवी देऊन घ्यायचं.

रीघ संपली. बनाक्का गेली. तात्या राहिले, आमच्याकडे जेवायचं आणि आपल्या घरी झोपायचं असं आपोआप ठरून गेलं. मोट कोणी आधी हाकायची हा वाद रोज पंगतीत होतो आणि भाकरीबरोबर संपतो.

मग एका दुपारी उखाजी आला. गावाबाहेर झोपडीत एकटा राहणारा म्हातारा. माझ्यासमोर उकिडवा बसला, बराच वेळ जमिनीवर रेघा ओढल्या आणि म्हणाला, "सुकदेव भो, एक काम शे."

"बोला ना."

"माले बी एकदा मारी टाक ना."

माझा हात आधी माझ्या डोक्यावर गेला.

"मन्हा आंडोर सुरतले शे. कैक साल व्हयनात, उना नही. बाप मरना आसं समजनं तं येई. निदान एक डाव येई. तुन्हं ते डोकं, ते मडकं, तसंच कर. मी झोपडीमा गुपचूप बठसू."

माझ्या सगळ्या पत्रकांना मिळून आजवर आलेली ही एकमेव मागणी. आणि ती मला पुरी करता आली नाही. कारण आता मी कोणी मेल्याचं सांगितलं तर सबंध तालुक्यात एक माणूस टोपी काढणार नाही. पोराला पत्र पाठवू म्हणालो, तर उखाजी म्हणाला, "पत्रं धाडी धाडी थकनू, भो." मीही थकलो होतो. पत्रकं लिहून लिहून. मग जेवणाची वेळ झाली म्हणून मी त्याला घरी घेऊन आलो.

मायने आणखी एक ताट घेतलं. तात्या आणि आबा सरकून बसले. पण घरात पाट तेवढेच, वाढवायला एकही नव्हता. मी माझा उचलून उखाजीला दिला.

वृद्ध-अन्नसेवा सध्या उत्तम चालू आहे. मी उभ्याने जेवतो.